दस्तगीरभाईंच्या गेटवरची नोटीस

"मॅडम, कोळी सापडला ना? मग लिहून टाका की."

थोरात सर, म्हणजे आमच्या विभागाचे हेड, माझ्या टेबलाशी उभे होते. मायक्रोस्कोपखाली दस्तगीर मुल्लांच्या नर्सरीतून आणलेलं द्राक्षाचं पान होतं आणि पानावर कोळी होते. नाहीत म्हणायची सोय नव्हती.

"कोळी आहे, सर. पण घड जिरवणारा कोळी हाच का, ते अजून सांगता येत नाही."

"कोळी म्हणजे कोळी. उद्या समितीची मीटिंग आहे. लोक माझ्या डोक्यावर बसलेत."

"मग लोकांना थोडं थांबायला सांगा."

"तुम्हीच या आणि सांगा," असं म्हणून सर मोबाइल कानाला लावून निघून गेले.

मी कोळ्यांचा अभ्यास करते. कोळी म्हटलं की लोकांना भिंतीवर जाळं विणणारा आठवतो. माझे कोळी त्याचे लांबचे नातलग, झाडाचा रस शोषून जगणारे. त्यातला लाल कोळी शेतकऱ्यांना माहीत असतो, कारण नीट पाहिलं तर तो दिसतो. द्राक्षावरचा हा मात्र नुसत्या नजरेला दिसतच नाही. गाजरासारखा निमुळता, पांढरट, आणि पाय फक्त चार. पंख नाहीत. एका वेलीवरून शेजारच्या वेलीवर जाताना त्याची दमछाक होते. वाऱ्यावर गेला तर थोडाफार जातो, बाकी कुणीतरी न्यावं लागतं. हे एवढं लक्षात ठेवलंत तर पुढचं सगळं समजेल.

त्या वर्षी ऑक्टोबरची छाटणी झाली आणि पलूस, तासगाव, मिरज या पट्ट्यातल्या अनेक बागांत एकच तक्रार आली. डोळे फुटले, फुटवे आले, पण फुटव्यावर घडच नाही. द्राक्षवाले कळीला डोळा म्हणतात. पुढच्या हंगामाचा घड आधीच या डोळ्यात तयार होऊन बसलेला असतो. तो आतल्या आत वाळला की म्हणतात घड जिरला. वर्षभराची मेहनत तिथेच जिरते. पहिल्यांदा हवामानाला शिव्या घालून झाल्या, मग औषधाच्या दुकानदाराला. शेवटी कुणीतरी डोळे कापून आमच्याकडे आणले. मी सुईने डोळ्याचे पापुद्रे सोडवले, तर आत हे महाशय दाटीवाटीने बसलेले.

डोळ्यात राहणारा हा कोळी मी आपल्याकडे कधी पाहिला नव्हता. पानावर राहणारा जुना आहे. त्याने पानाला वरून फोड येतात आणि खालून पांढरी लव धरते. दिसायला वाईट, पण घडाचं काही बिघडवत नाही. गंमत अशी की पानातला आणि डोळ्यातला, हे दोघे मायक्रोस्कोपखाली अगदी सारखे दिसतात. केस मोजा, पाय मोजा, काही फरक नाही. दोन्ही वेगळे आहेत हे फक्त DNA सांगतो. आणि दस्तगीरभाईंच्या नर्सरीत मला जे मिळाले होते ते पानावर मिळाले होते. डोळे मी शंभरावर उघडले होते, सगळे रिकामे.

हे सगळं मी दुसऱ्या दिवशी या तक्रारींसाठी नेमलेल्या समितीपुढे सांगितलं. समितीत अधिकारी होते, थोरात सर होते, आणि शेतकऱ्यांचे प्रतिनिधी म्हणून जगन्नाथ नाना होते. नानांची पलूसजवळ मोठी बाग. परदेशी अभ्यासदौरे करून आलेले, माणूस बोलका, चहा येण्याआधी सगळ्यांच्या घरची चौकशी करणारा. मला ते आवडायचे, हे इथे सांगून टाकते.

"म्याडम, तुमचं शास्त्र बरोबर आसंल," नाना म्हणाले, "पर साधा हिशेब बघा की. ज्या ज्या बागंत घड जिरले, त्या सगळ्या बागांची रोपं कुणाची? मुल्लाची. सर्व्हेत लिवलंय. आन मुल्लाच्या नर्सरीत कोळी घावला, ह्ये तुमीच म्हणताय. आता आनि काय पायजे?"

सर्व्हे आमच्याच विभागाने केला होता. त्यात प्रश्न होता: रोपं कुठून विकत घेतली? उत्तर सगळीकडे एकच होतं. पण पट्ट्यातले निम्मेअधिक लोक रोपं दस्तगीरभाईंकडूनच घेतात. उद्या सर्दी झालेल्या सगळ्यांना विचारलं की मीठ कुठल्या दुकानातून आणता, तर तिथेही एकच नाव निघेल.

मी हे म्हटलं. कुणी हसलं नाही. थोरात सरांनी रिपोर्टमधे एक ओळ लिहिली, 'सदर नर्सरीत कोळी आढळून आला', आणि खाली सही केली. ओळ खोटी नव्हती. म्हणून तर डोक्यात तिडीक गेली.

आठवड्याच्या आत दस्तगीरभाईंच्या गेटवर नोटीस लागली. विक्री बंद. मातृबाग महिनाअखेर उपटून जाळायची.

मातृबाग म्हणजे ज्या वेलींपासून नर्सरीवाला पुढची सगळी रोपं तयार करतो ती बाग. द्राक्षात दोन झाडं एकावर एक असतात. खाली रानटी जातीचा खुंट, चिवट मुळांसाठी. त्यावर हव्या त्या जातीच्या काडीचं कलम. दस्तगीरभाई खुंटाची रोपं विकायचे. त्यांची मातृबाग त्यांच्या वडिलांनी कुपवाडच्या पलीकडे माळावर लावली होती, तिथे तेव्हा नुसती कुसळं होती. अशी बाग उपटली की नर्सरी संपली. पुन्हा उभी करायला माणसाचं अर्धं आयुष्य जातं, आणि भाई तेव्हा साठीच्या पुढे होते.

मी गेले तेव्हा ते गेटजवळच खुर्ची टाकून बसले होते. आत रोपांच्या पिशव्या ओळीने लावलेल्या, माणूस एकही नाही.

"भाई, डोळ्यांचे नमुने मी पाहिलेत. तुमच्याकडे तो कोळी नाही."

"मग कागदावर कसं काय आलं, म्याडम?"

सरांनी लिहिलेली ओळ मी त्यांना जशीच्या तशी सांगितली.

"ह्ये बघा," म्हणून त्यांनी मोबाइल पुढे केला. शेतकऱ्यांच्या ग्रुपवर मेसेज फिरत होता, रोपं कुणाकडून घेऊ नयेत याचा. त्यात नर्सरीचं नाव नव्हतं. नुसतं आडनाव होतं, आणि त्यापुढे 'ह्या लोकांकडून' असं लिहिलं होतं. पाठवणाऱ्यांत अशीही माणसं होती ज्यांच्या बागा भाईंच्या हातच्या खुंटावर उभ्या आहेत.

"ह्येच्या बापाला माझ्या बापानं कलम भराय शिकिवलं," एका नावावर बोट ठेवून भाई म्हणाले. "राहू द्या. तुमी चा घेणार का?"

चहा अर्धाच ठेवून मी उठले. परत येताना मी गाडीत एकटीच मोठमोठ्याने बोलत होते. जे बोलले ते इथे छापता येणार नाही.

माझ्याकडे महिनाअखेरपर्यंतचा वेळ होता. डोळ्यातल्या कोळ्यांचे जितके नमुने होते तितके, आणि भाईंच्या पानावरचेही, DNA साठी पाठवून दिले, आणि नवे गोळा करायला बाहेर पडले. आता मी सर्व्हेचा प्रश्न उलटा केला. भाईंची रोपं आहेत पण घड चांगले आहेत, अशा बागा मला हव्या होत्या. त्या ढिगाने मिळाल्या. कुणी विचारलंच नव्हतं, त्यामुळे कुणी सांगितलंही नव्हतं. त्यांचे डोळे उघडले, सगळे स्वच्छ.

मग साताऱ्याकडून फोन आला. खटाव तालुक्यात एका बागेत घड जिरले होते. बाग निवृत्त सुभेदारांची. मी गेले तर सुभेदार बांधावर वाट बघत उभे, शर्टाची इस्त्री न मोडलेली.

"रोपं कुठली, सुभेदारसाहेब?"

"आमच्या हितलीच. सांगलीकडचं काय बी न्हाई. लोकल रूटस्टॉक, खुंट म्हणा, हंड्रेड पर्सेंट."

डोळ्यात कोळी होते. भाईंचं एकही रोप या रानात नव्हतं, तरी कोळी होते. मला आनंद झाला, खोटं कशाला सांगू. समितीचा सगळा हिशेब या एका बागेत कोलमडत होता.

"आणि वरची काडी? कलमाची? ती कुठून आणली?"

"काडी व्हय? ती मिळाली आशीच," सुभेदार म्हणाले आणि एकदम विहिरीच्या मोटरीकडे बघायला लागले. बॉर्डरवर वर्षानुवर्षं काढलेला माणूस, पण खोटं बोलायची सवय नव्हती. इथे पाणी मुरतंय हे कळलं, कुठे ते कळेना.

एक गोष्ट मात्र मी टिपली. त्यांच्या वेलीवर उरलेले दोन-चार घड काळ्या, लांब मण्यांचे होते. जिथे जिथे घड जिरले होते तिथेही हीच जात होती. तिला नाव नव्हतं. पट्ट्यात तिला नुसतं 'ती काळी' म्हणायचे. कुठल्याही नर्सरीच्या यादीत ती काळी नव्हती, दस्तगीरभाईंच्या तर नव्हतीच.

दरम्यान DNA चे निकाल आले. ते सोपं करून सांगते.

आम्ही कोळ्याच्या DNA चा एक तुकडा वाचतो, जो आईकडून लेकरांकडे जसाच्या तसा येतो. पिढ्यान्पिढ्या जाता जाता त्यात एखादं अक्षर बदलतं. ज्या मुलखात एखादा जीव मुळात घडला तिथे तो फार काळ राहिलेला असतो, म्हणून तिथे अशा बदलांचे पुष्कळ प्रकार सापडतात. बाहेर नेला की सगळे प्रकार बरोबर जात नाहीत. ज्वारीच्या पोत्यातून मूठ काढली, मुठीतून चिमूट काढली, तर चिमटीत पोत्यातले सगळे दाणे कसे येतील? दर वेळी काहीतरी मागे राहतं. आमची सगळी विद्या या पोते, मूठ आणि चिमटीवर चालते.

द्राक्षवेल मूळची काळ्या समुद्राच्या पलीकडच्या डोंगराळ भागातली. हे कोळीही तिच्याच संगतीने घडले. कुणी पानात घर केलं, कुणी डोळ्यात, आणि हळूहळू दोघांचे वंश वेगळे झाले. माणसाने वेल जिथे नेली तिथे हेही गेले. आपल्याकडे डोळ्यात सापडलेल्या कोळ्याचा तुकडा भूमध्य समुद्राकडच्या नमुन्यांशी अक्षरशः जुळला. भाईंच्या पानावरचा कोळी वंशवृक्षाच्या वेगळ्याच फांदीवरचा निघाला, आपला जुनाच. म्हणजे भाई सुटले.

पण माझं समाधान होईना. भाई नाहीत, तर कोण? मी बारीक फरक दाखवणारी दुसरी चाचणी केली. सांगली-साताऱ्यातले सगळे नमुने एकाच वेळी, एकाच ठिकाणी आलेल्या कोळ्यांची संतती होती. त्यातही एका बागेत प्रकार सगळ्यात जास्त होते, तिथे मूठ होती. बाकी सगळीकडे चिमटी. मुठीची बाग जगन्नाथ नानांची होती. पहिल्याच पाहणीत नानांनी आम्हाला जेवू घालून स्वतः बाग दाखवली होती. "माझ्याकडं बी आलाय बघा, मुल्लाच्या रोपांनी माझं बी वाटोळं केलं," असं म्हणत डोळे कापून हातात दिले होते.

पलूसच्या एका बागेतून कोळी मिरजेला कसा गेला? खटावला कसा गेला? मधल्या बागा सोडून उड्या मारत कसा गेला? याचं उत्तर कुठल्याही मशीनमधून येणार नव्हतं.

ते मिळालं मिरजेजवळच्या एका वस्तीवर, एका आक्कांकडे. आक्का म्हणजे घरातल्या कर्त्या बाई, सत्तरीच्या आसपासच्या. पोरं रानात, सून विद्या चुलीपाशी भाकरी थापत होती. मी डोळ्यांचे नमुने घेऊन निघाले तर आक्का म्हणाल्या, "थांबा वाईच." आत गेल्या आणि ओल्या पोत्यात गुंडाळलेली काड्यांची जुडी घेऊन आल्या.

"ह्या घिऊन जावा. परसात खुंटावर भरा. लय ग्वाड माल हाय. ती काळी."

"अहो आक्का, हिच्यातच तो रोग आहे असं वाटतंय."

"कुठला? त्यो रोग त्या नर्सरीच्या रोपांत. ही काडी इकतची न्हाई, घरची हाय. सुनंच्या म्हायारची."

मी पिशवी खाली ठेवली. "सुनेचं माहेर कुठलं?"

"आवं, आमच्या इद्याचं वडील म्हंजी जगन्नाथ नाना! म्होट्या म्होट्या हापिसरांत असत्यात, तुमाला ठावं न्हाई? त्येनी इमानातनं आणली ही. बुटाच्या खोक्यात घालून. पैली जुडी लेकीला धाडली, दुसरी साडूला, त्यो मिल्ट्रीतला खटावचा. आमी बी मग आमच्या लेकीकडं तासगावला धाडली. एवढी चांगली जिन्नस एकट्यानं का खायाची?"

विद्या भाकरी थापायची थांबली. तिने माझ्याकडे पाहिलं, मग मान खाली घालून पुन्हा थापायला लागली. तिला सगळं कळलं होतं असं मला वाटलं, आणि तिची दयाही आली.

असं होतं तर ते. या भागात चांगल्या जातीची काडी विकत नसतात. लेकीच्या घरी पाठवतात, पाहुण्यांना देतात, ओल्या पोत्यात बांधून, मानाने. घेणाराही ती मानाने घेतो आणि पुढे आपल्या पाहुण्यांना देतो. त्यामुळे 'विकत कुठून घेतली' या प्रश्नाला सगळ्यांनी खरं उत्तर दिलं होतं. काडी कुणीच विकत घेतलेली नव्हती. आमच्या सर्व्हेने जे विचारलं नाही, त्याच वाटेने कोळी चालला होता. माझ्याकडच्या नकाशावर नानांच्या सोयरिकी लिहीत गेले तशी एकेक चिमटी आपापल्या जागी बसत गेली.

आक्कांचा राग मला आला नाही. त्यांनी दिलं ते प्रेमाने दिलं. माझी तळपायाची आग मस्तकात गेली ती नानांमुळे. परदेशातून रोप आणायचं तर परवाना लागतो. ते वेगळ्या बंदिस्त जागी वाढवून आधी तपासतात, त्याला क्वारंटाइन म्हणतात. हे नानांना माहीत होतं. माणूस असल्या समित्यांवर बसतो, त्याला माहीत नसेल? घड जिरायला लागले तेव्हा 'ती काळी' कुणी आणली हेही त्यांना माहीत होतं. तरी त्यांनी टेबलावर हात आपटून दस्तगीरभाईंच्या नावाने खापर फोडलं.

पुढच्या मीटिंगच्या आधी मी थोरात सरांना सगळं दाखवलं. त्यांनी नकाशा पाहिला, चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

"मॅडम, नाना आहेत ते."

"दिसतंय मला."

"नाव न घेता नाही मांडता येणार?"

"भाईंचं नाव घेताना आपण कुठे अडखळलो, सर?"

सरांनी नकाशाची घडी घालून मला परत दिला. मांडू नका असं मात्र म्हणाले नाहीत, एवढं त्यांच्या बाजूने लिहायला हवं.

मीटिंगमधे मी सगळं क्रमाने मांडलं. भाईंच्या खुंटावरच्या निरोगी बागा. खटावची बाग. पानातला कोळी आणि डोळ्यातला कोळी. पोते, मूठ, चिमटी. शेवटी नकाशा. नाना आधी मान डोलवत ऐकत होते. नकाशावर मिरजेचा ठिपका आला तशी मान थांबली.

"म्हंजी माझ्या लेकीच्या घरात मीच रोग धाडला, आसं म्हणणं हाय तुमचं?"

"हो, नाना. आणि साडूच्या घरातही."

"लेकीला काडी द्याची न्हाई व्हय आमी? आमच्या बापजाद्यापास्नं रीत हाय ती!"

"रीत इथल्या काडीची आहे. बुटाच्या खोक्यात लपवून आणलेल्या काडीची कसली रीत?"

"कोण म्हणालं खोकं? कुणी सांगितलं तुमाला?"

"कुणी सांगितलं हे सोडा. आणली का नाही ते सांगा."

नाना उभे राहिले. त्यांचा आवाज चढला. शेतकऱ्याच्या घरात शिरून बायाबापड्यांना विचारता, लेकीबाळींची नावं काढता, हे तुमचं शास्त्र का, वगैरे. मी घाबरले नाही. माझा आवाज त्यांच्यापेक्षा चढला होता. आयुष्यात मी इतक्या मोठ्याने फक्त माझ्या भावाशी बोलले आहे.

"लेकीचं नाव मी काढलं नाही, नाना. तुम्ही काढलंत. तुम्हाला पहिल्या दिवसापासून माहीत होतं काडी कुणाची. तुम्ही इथे बसून त्या माणसाची बाग जाळायला लावत होतात!"

मग थोरात सर समोरच्या फायलीकडे बघत म्हणाले, "मॅडमचं काम बरोबर आहे. मी पाहिलंय." आवाज एवढा बारीक होता की शेजारच्या अधिकाऱ्याने "काय?" म्हणून विचारलं. सरांनी ते पुन्हा म्हटलं, जरा मोठ्याने. नाना निघून गेले.

भाईंची मातृबाग वाचली. उपटायचा आदेश मागे घेतला गेला. काळीची काडी कुणी कुणाला देऊ नये आणि कुठलीही काडी भरण्याआधी ठरावीक गरम पाण्यात बुडवून घ्यावी, असं पत्रक निघालं. गरम पाण्याने डोळ्यातला कोळी मरतो, पाणी योग्य तेवढंच तापवलं तर काडी जगते. नानांच्या बाबतीत समितीने लिहिलं, 'स्रोत निश्चित करता आलेला नाही.' माझ्या रिपोर्टमधे स्रोत पहिल्याच पानावर होता. मी भांडले. "नर्सरी वाचली ना? मग विषय संपवा," असं उत्तर मिळालं. त्याच हिवाळ्यात नानांनी एका मेळाव्यात 'निरोगी रोपं, काळाची गरज' या विषयावर भाषण केलं. टाळ्या पडल्या म्हणे.

आमच्या सर्व्हेतला प्रश्न मी बदलून घेतला. आता विचारतो: काडी कुणी दिली, आणि तुम्ही कुणाला दिली? पहिल्या अर्ध्याला लोक उत्तर देतात. दुसरा अर्धा बहुतेक कोराच येतो.

एक काम मात्र कुणीच केलं नाही. आदेश कागदावर मागे घेतला, गेटवरची नोटीस तशीच राहिली. ज्या ऑफिसने ती लावली होती तिथे मी फोन केला. नोटीस लावणं आमचं काम, काढण्याचा आदेश नाही, असं सांगितलं. पुन्हा केला. साहेब फिरतीवर होते. मी भाईंना म्हटलं, "फाडून टाका ना ती, भाई. आता तिला काही अर्थ नाही."

"ज्येनं लावली त्येनं काढावी," भाई म्हणाले. "मी का काढू?"

नोटीस उन्हात पिवळी पडली, पावसात फुगली, पण राहिली. रोपं घ्यायला येणारे कमी झाले. जे यायचे ते गेटाशी थांबून आधी ती वाचायचे, मग आत यायचे, किंवा यायचे नाहीत. त्या एका वर्षात भाई फार वाकले. मी जेव्हा जाई तेव्हा त्या कागदाकडे बघून मला पुन्हा पहिल्यासारखा संताप यायचा.

पुढच्या लागवडीच्या आधी भाईंचा फोन आला.

"म्याडम, नाना आल्तं."

"कशाला?"

"रोपं पायजे होती. ती काळी सगळी काढून टाकली म्हणं. नवी बाग लावणार. दुसरीकडची रोपं पसंत पडली न्हाईत."

"आणि तुम्ही दिलीत?" माझा आवाज परत चढला होता.

"ऐकून तर घ्या. मी म्हटलं, देतो नाना. आदी गेटावरचा कागद काढा. आन तुमच्याच हातानं काढा, डायवरला सांगू नगा."

"मग?"

"आदी हिकडं तिकडं बघितलं. रोपं न्ह्यायला आलेली दोघं-तिघं बी हुती, बगत. मग लागलं नखानं खरवडाय. खाली वाकून, धोतर सावरत. लय घट बसल्याला कागद. डिंक चांगला लावल्याला तवा."

"निघाला का सगळा?"

"न्हाई. वरचं निम्मं निघालं. खालचं तसंच हाय, माझं नाव हाय त्येवढं. मी म्हटलं, बास नाना, दमला आसाल. या आत. रोपं मोजून दिली. चांगली दिली."

माझं शास्त्र सांगतं की चार पायांचा, बिनपंखाचा जीव स्वतःहून कुठे जात नाही, त्याला कुणीतरी नेतं. कुणावर आलेला आळही तसाच जातो. कोळ्यावर गरम पाण्याचा उपाय आहे. गेटावरचा तो खालचा निम्मा कागद मात्र परवा मी गेले तेव्हाही तिथेच होता.